लाळेत अँटीबॉडी येते कशी? एकाच खेपेत संपणाऱ्या हमालाची गोष्ट

आमच्या शेजारच्या वस्तीवर एक आण्णा आहेत. वय साठीच्या पुढं. तीस वर्षं तंबाखूची पुडी खिशात. चार वर्षांपूर्वी गालाच्या आतून गाठ निघाली, ऑपरेशन झालं, मग मोठ्या दवाखान्यात सहा आठवडे ‘लाईट’ दिली. आजार हटला, पण तेव्हापासून आण्णांचं तोंड कोरडंठाक. भाकरी दुधात कुस्करल्याशिवाय घास उतरत नाही, पाण्याची बाटली कायम हाताशी. जिभेवर पांढरा थर येतो. आणि जे दात ऊस सोलत होते, ते हिरडीपाशी किडून एकेक करून तुटायला लागलेत.

परवा पारावर आण्णांनी विचारलं, “आजार तर गेला, मग आता दात का जायला लागले?”

लाईट दिली तेव्हा गाठीसोबत लाळेच्या ग्रंथीही होरपळल्या. लाळ म्हणजे नुसतं पाणी असतं तर आण्णांचं बाटलीवर भागलं असतं. पण लाळेत राखणदार असतात, आणि ते बाटलीतून मिळत नाहीत. त्यातला एक मोठा राखणदार म्हणजे अँटीबॉडी.

अँटीबॉडी हा शब्द कोरोनाच्या साथीत घराघरात पोचला. पण ती रक्तातच असते असा बहुतेकांचा समज आहे. लाळेतही असते, आणि तिथं ती रक्तातून झिरपून येत नाही. ग्रंथीतली पेशी ती एका बाजूनं उचलते, स्वतःच्या पोटातून नेते आणि दुसऱ्या बाजूला लाळेत सोडते. ते कसं, ते आज बघू.

लाळ तयार होते कुठं?

लाळेच्या मोठ्या ग्रंथींच्या 3 जोड्या असतात. एक कानासमोर, गालाच्या मागच्या भागात. गालगुंड झाल्यावर पोराचा गाल जिथं सुजतो, तीच ही ग्रंथी. दुसरी जोडी खालच्या जबड्याच्या आतल्या अंगाला आणि तिसरी जिभेखाली. शिवाय ओठ, गाल आणि टाळूच्या आत शेकडो बारीक ग्रंथी पसरलेल्या असतात. सगळ्या मिळून मोठ्या माणसात दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ बनवतात. झोपेत हे काम जवळजवळ बंद पडतं, म्हणून सकाळी तोंड चिकट लागतं आणि वास येतो.

ग्रंथी आतून कशी असते हे बघायचं तर द्राक्षाचा घड डोळ्यांसमोर आणा. मणी म्हणजे लाळ बनवणाऱ्या पेशींचे गोळे. देठ म्हणजे नळ्या, त्यातून लाळ तोंडात येते. प्रत्येक मणी आतून पोकळ, आणि त्याची भिंत एकमेकींना घट्ट चिकटलेल्या पेशींची. भिंतीच्या बाहेर रक्तवाहिन्या, आत लाळ. पेशींमधली फट इतकी घट्ट बंद असते की पाणी आणि क्षार जातात, मोठी वस्तू जात नाही.

अँटीबॉडी ही तशी मोठी वस्तू आहे. मग ती भिंतीपलीकडं जाते कशी?

माल भिंतीच्या बाहेरच तयार होतो

आधी माल कुठं बनतो ते बघू. मण्यांच्या मधल्या जागेत, भिंतीला लागूनच, प्लाझ्मा पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी मुक्काम ठोकून असतात. अँटीबॉडी बनवणं एवढंच त्यांचं काम. या पेशी मूळच्या तिथल्या नव्हेत. त्यांचं शिक्षण होतं टॉन्सिलमध्ये, आतड्याच्या अस्तरात. तिथं जंतूंची ओळख पटली की त्या रक्तातून प्रवास करतात आणि काही जणी लाळेच्या ग्रंथीत येऊन बसतात. त्यामुळं आतड्यानं ओळखलेल्या जंतूविरुद्धची अँटीबॉडी तोंडातही सापडते.

अँटीबॉडीचा आकार इंग्रजी वाय अक्षरासारखा, म्हणजे आपल्या गलोलीच्या बेचकीसारखा. बेचकीची दोन टोकं जंतूला धरतात. रक्तात सगळ्यात जास्त असते ती आयजीजी नावाची. ती एकेकटी हिंडते. ग्रंथीतल्या प्लाझ्मा पेशी बनवतात ती मुख्यतः आयजीए, आणि ती बहुतेक जोडीनं असते. दोन बेचक्यांच्या मुठी एकमेकींना जोडलेल्या, आणि मध्ये त्यांना बांधून ठेवणारं एक छोटं प्रथिन. त्याला शास्त्रज्ञ जे-साखळी म्हणतात. आपण त्याला बैलजोडीवरचं जू समजू. हे जू लक्षात ठेवा, पुढं सगळं त्यावरच अडतं.

हमालाची खेप

आता भिंतीतली पेशी काय करते ते क्रमानं बघू.

पहिली पायरी. पेशी आपल्या आत एक लांबट प्रथिन बनवते. त्याचं नाव पॉलिमेरिक इम्युनोग्लोब्युलिन रिसेप्टर. नाव लांबलचक आहे, आपण त्याला हमाल म्हणू. पेशी हा हमाल आधी बाहेरच्या, म्हणजे रक्ताकडच्या दारात उभा करते. त्याची शेपटी पेशीच्या आत आणि बाकीचं अंग दाराबाहेर.

दुसरी पायरी. बाहेर प्लाझ्मा पेशींनी सोडलेला माल असतो. हमाल त्यातली जू घातलेली जोडी ओळखून धरतो. एकटीदुकटी आयजीजी समोरून गेली तरी तो तिला हात लावत नाही, कारण तिला जू नाही. आयजीएम नावाच्या अँटीबॉडीत 5 बेचक्या एकत्र असतात आणि तिलाही जू असतं. तिला मात्र तो घेतो.

तिसरी पायरी. हमालानं माल धरला की तिथलं पेशीचं आवरण आत दबतं, खळगा पडतो, आणि खळग्याची पिशवी होऊन ती पेशीत सुटी होते. पिशवीच्या भिंतीला हमाल आणि हमालाच्या हातात माल.

चौथी पायरी. ही पिशवी पेशीच्या आतून या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते. वाटेत पेशी पिशव्यांची छाननी करते. काही मोडीत निघतात, काही परत फिरतात. आपली पिशवी मात्र लाळेकडच्या दारात पोचते.

पाचवी पायरी, आणि सगळ्यात वेगळी. लाळेकडच्या दारात पिशवी उघडते. तिथं कात्रीसारखं काम करणारं एक एन्झाइम हमालाला कापतं. शेपटी पेशीत राहते आणि बाहेरचं अंग मालाला तसंच मिठी मारून लाळेत जातं. बाजार समितीतला हमाल पोतं टाकून दुसऱ्या खेपेला मागं फिरतो. हा फिरत नाही. एक खेप, की संपला. पुढच्या जोडीसाठी पेशीला नवा हमाल बनवावा लागतो, आणि पेशी तो रात्रंदिवस बनवत असते.

आणखी एक गोष्ट. माल मिळाला नाही तरी काही हमाल रिकामेच पलीकडं जातात आणि तिथं कापले जातात. म्हणून लाळेत अँटीबॉडीशिवायचे हमालाचे सुटे तुकडेही सापडतात. ते तुकडेसुद्धा वाया जात नाहीत, काही जंतूंना ते चिकटतात.

एवढा महागाचा हमाल का कापायचा?

हमालाचा जो भाग मालावर राहतो, त्याचं नाव सिक्रेटरी कंपोनंट. पोत्यावर ताडपत्री टाकावी तसा तो आयजीएच्या जोडीला गुंडाळून असतो. तोंडात आणि आतड्यात प्रथिनं फोडणारे रस असतात. काही जंतूही अँटीबॉडी तोडणारी रसायनं सोडतात. उघडी अँटीबॉडी तिथं फार टिकली नसती. ताडपत्रीमुळं ती जास्त वेळ तग धरते, आणि शेंबडासारख्या चिकट थराला धरून अस्तरावर बसून राहते. म्हणजे हमालाचं कापलं जाणं हा तोटा नाही, मालाची पॅकिंग आहे.

लाळेत पोचल्यावर ही अँटीबॉडी मारामारी फारशी करत नाही. जोडी असल्यामुळं तिला 4 हात असतात. त्यांनी ती जंतूंना एकमेकांशी बांधते, त्यांचे घोळके करते, त्यांना गालाला, दाताला चिकटू देत नाही. तो घोळका आपण लाळेसोबत गिळतो आणि पोटातल्या आम्लात त्याचा निकाल लागतो. सूज नाही, ताप नाही. जखमेत रक्तातली फौज लढते तेव्हा जागा लाल होते, ठणकते. तोंडात तर कोट्यवधी जंतू कायमचेच राहतात. तिथं रोज तशी लढाई झाली असती तर आपल्याला घास खाता आला नसता.

हे कळलं कसं?

आयजीए ही अँटीबॉडी 1959 साली बेल्जियमच्या जोसेफ हेरेमान्स यांनी वेगळी ओळखली. 1963 मध्ये अमेरिकेत चॉडर्कर आणि टोमासी या दोघांनी रक्त आणि लाळ शेजारी ठेवून मोजमाप केलं. रक्तात आयजीजी ही आयजीएच्या कितीतरी पट जास्त. लाळेत नेमकं उलटं, तिथं आयजीएचं राज्य. लाळेतली अँटीबॉडी रक्तातून झिरपली असती तर प्रमाण तेच राहायला हवं होतं. ते उलटलं, याचा अर्थ कुणीतरी निवडून माल नेत होतं.

1965 मध्ये टोमासी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की लाळेतल्या आयजीएला एक जादा तुकडा जोडलेला आहे, जो रक्तातल्या आयजीएला नसतो. तो तुकडा म्हणजेच आपली ताडपत्री. पण तो येतो कुठून? नॉर्वेतल्या ऑस्लोचे पेर ब्रँटझेग यांनी 1974 च्या सुमारास मांडलं की तो ग्रंथीच्या पेशीचाच आहे आणि तोच अँटीबॉडीला पलीकडं नेतो. मग 1984 मध्ये कीथ मोस्तोव, फ्रीडलँडर आणि ग्युंटर ब्लोबेल यांनी हमालाची पूर्ण रचना वाचून काढली, आणि कापला जाणारा भाग कोणता हे स्पष्ट झालं. यातल्या ब्लोबेल यांना पेशीतली प्रथिनं आपापल्या ठिकाणी कशी पोचतात या कामासाठी 1999 चं नोबेल मिळालं.

तोंडाला पाणी सुटलं की काय होतं?

चिंच बघितली की तोंडाला पाणी सुटतं. हा मज्जातंतूंचा हुकूम असतो. हुकूम आला की ग्रंथी पाणी सोडतेच, शिवाय हमालांच्या खेपाही वाढतात. पाणी जास्त वाढल्यामुळं अँटीबॉडी थोडी पातळ होते, पण एकूण माल जास्त जातो. म्हणून नीट चावून जेवण्याचा फायदा फक्त पचनापुरता नाही.

हाच हुकूम विषबाधेत बिघडतो. मोनोक्रोटोफॉससारख्या ऑरगॅनोफॉस्फेट गटातल्या औषधाची फवारणी करताना विषबाधा झाली, तर मज्जातंतूंचा हुकूम थांबतच नाही. तोंडातून लाळ गळते, घाम सुटतो, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात. हे दिसलं की घरचा उपाय करत बसू नका, माणसाला लगेच दवाखान्यात न्या, सोबत औषधाचा डबा न्या.

हाच हमाल आईच्या दुधातही

हा हमाल फक्त लाळेपुरता नाही. डोळ्यांतलं पाणी, नाक, श्वासनळी, आतडं, सगळीकडं तोच काम करतो. आणि आईच्या स्तनातही. नुकत्या जन्मलेल्या बाळाच्या लाळेत ही अँटीबॉडी जवळजवळ नसते. बाळाची स्वतःची व्यवस्था उभी राहीपर्यंत ती उणीव आईचं दूध भरून काढतं. बाळंतपणानंतरचं पहिलं पिवळसर, घट्ट दूध या अँटीबॉडीनं भरलेलं असतं. आईच्या आतड्यानं घरातले, आसपासचे जे जंतू ओळखलेत, त्यांच्यासाठीचाच माल बाळाला मिळतो. अजूनही काही घरांत हे दूध ‘खराब’ म्हणून पिळून टाकतात आणि बाळाला मध चाटवतात. असं करू नका. पहिल्या तासाच्या आत बाळाला अंगावर पाजायला घ्या.

गाई-म्हशींचं थोडं वेगळं आहे. त्यांच्या चिकात आयजीए कमी आणि आयजीजी जास्त. माणसाच्या बाळाला आयजीजी आईच्या पोटातच, वारेतून मिळते. वासराला ती वाट नसते, त्याला ती चिकातूनच घ्यावी लागते. आणि वासराच्या आतड्यातून ती रक्तात जाण्याचं दार जन्मानंतर साधारण 24 तासांत बंद होतं. म्हणून चीक पहिल्या एक-दोन तासांत वासराच्या पोटात गेला पाहिजे. 25 किलोच्या वासराला पहिल्या दिवसात विभागून अडीच लिटर हा सर्वसाधारण हिशोब. खरवस त्यानंतर.

पोलिओचा डोस तोंडावाटे देण्यामागंही हेच आहे. इंजेक्शननं रक्तात अँटीबॉडी तयार होते. थेंब तोंडावाटे गेले की आतड्याच्या अस्तरावरही आयजीएची राखण उभी राहते, आणि विषाणू पसरायलाच अडचण येते. आपल्याकडं पल्स पोलिओ 1995 ला सुरू झाली आणि 27 मार्च 2014 ला भारत पोलिओमुक्त जाहीर झाला.

शिळी थुंकी औषध आहे का?

“लाळेत अँटीबॉडी असते ना, मग सकाळची शिळी थुंकी डोळ्याला, जखमेला लावली तर काय बिघडलं?” असं बरेच जण म्हणतात. बिघडतं. झोपेत लाळ बनत नाही, जंतू मात्र वाढत राहतात. त्यामुळं सकाळच्या थुंकीत जंतूंची गर्दी सगळ्यात जास्त असते. तोंडातली अँटीबॉडी जंतू मारून टाकत नाही, फक्त त्यांना आवर घालते. तेच जंतू डोळ्यात किंवा उघड्या जखमेत गेले तर संसर्ग होऊ शकतो. जखम स्वच्छ पाण्यानं धुवा, डोळ्याला काही झालं तर डॉक्टरला दाखवा.

तोंड कोरडं पडलं तर

आता पुन्हा आण्णांकडं. लाईटमुळं मण्यांतल्या पेशी मरतात. पहिल्या आठवड्यापासूनच लाळ कमी होऊ लागते. पेशी गेल्या की पाणी गेलं, हमालही गेले. हे नीट समजून घ्या, की दात किडण्याचं कारण एकटी अँटीबॉडी नाही. काही माणसांत आयजीए जन्मतःच बनत नाही. त्यांच्यात हमाल आयजीएम जास्त नेतो आणि त्यातली बरीच माणसं ठणठणीत राहतात. पण लाळेत आणखी बरंच काही असतं. जंतू फोडणारी प्रथिनं, आम्ल मारणारा क्षार, दाताची झीज भरणारं कॅल्शियम. ग्रंथी गेली की हे सगळं एकदम जातं. अन्नाचे कण धुतले जात नाहीत, आम्ल साचतं, बुरशीला रान मोकळं मिळतं. आण्णांच्या जिभेवरचा पांढरा थर तोच.

तोंड फक्त लाईटमुळंच कोरडं पडतं असं नाही. सर्दी-ॲलर्जीच्या, नैराश्याच्या काही गोळ्या, ताब्यात नसलेली साखर, आणि शरीर स्वतःच्याच ग्रंथीवर उलटतं असा एक आजार, अशी बरीच कारणं आहेत. तोंड सतत कोरडं पडत असेल तर अंगावर काढू नका, डॉक्टरांना सांगा. चालू गोळी मात्र आपल्या मनानं बंद करायची नाही.

तोंडाला लाईट द्यायची ठरली असेल तर आधी दातांच्या डॉक्टरकडं जा. खराब दात आधी काढून घेतलेले बरे, कारण लाईटनंतर दात काढला तर जबड्याचं हाड भरून येताना त्रास होऊ शकतो. एका बाजूची ग्रंथी वाचवता येईल का, हेही कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा. आताच्या मशीनवर काही रुग्णांत ते जमतं. नंतर दिवसभर थोडं थोडं पाणी, फ्लोराइडची पेस्ट, गोड आणि चिकट पदार्थ कमी, आणि दर काही महिन्यांनी दात तपासणी. दात पडण्याची वाट बघायची नाही.

आणि तंबाखू, गुटखा, मावा. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, पुडी कुठं मिळते ते सगळ्यांना माहीत आहे. सुपारीनं तोंड उघडायचं कमी होतं, तंबाखूनं गाठ होते, गाठीला लाईट लागते आणि लाईटमध्ये ग्रंथी जाते. मेलेल्या ग्रंथीला परत जिवंत करणारं खात्रीचं औषध आज तरी नाही.

आण्णांना हे सगळं सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले. मग खिशात पुडी ठेवून शेजारी बसलेल्या पुतण्याला म्हणाले, “ऐकलंस ना? पाणी बाटलीत मिळतं, लाळ मिळत नाही.”